आमच्या गावचा जुना डाकखाना आता अभ्यासिका झालाय : फलकावर काय लिहावं?

धानबांधी :
नमस्कार मंडळी. काम म्हटलं तर दहा ओळींचं आहे, पण त्यावरून आमच्या पारावर रोज बैठक बसून राहिली, म्हणून धागा काढतो.

गाव पूर्व विदर्भातलं, वैनगंगेच्या खोऱ्यातलं, धानाचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या इमारतीबद्दल विचारतोय तिच्या वारसांची भावकी आत्ता कुठं शांत झालीय, त्यात माझी काडी नको. इमारत बाजारचौकात आहे. कमरेएवढा उंच ओटा, त्यावर सागवानी खांबांची ओसरी, आत एक लांब खोली आणि मागं दोन छोट्या. भिंती दीड हात जाड, विटा-चुन्याच्या. दर्शनी भिंतीत पत्र टाकायची फट, खिडकीला जाळी आणि जाळीखाली हात जाईल एवढं भोक. त्या भोकातून अख्ख्या पंचक्रोशीनं तिकिटं, मनीऑर्डरी, पासबुकं, निराधारचे पैसे घेतले. पोस्ट तिथून बसस्टँडजवळच्या खोलीत गेलं त्याला वीसेक वर्षं झाली. पोस्ट गावात आहे, पिनकोडही तोच. इमारत तेवढी सुटली.

मग तिचे हाल झाले. काही वर्षं राशनच्या दुकानाचा बारदाना, मग मंडळाच्या मांडवाचे बांबू आणि देवीचा चौरंग, मग नुसतं कुलूप. वानरांनी कवेलू फोडले, पाऊस आत आला, मागच्या खोलीचं आढं बसलं. वारसांनी शेवटी एकमतानं बक्षीसपत्र करून ती ग्रामपंचायतीला दिली. पंचायतीनं वित्त आयोगाच्या पैशातून आणि थोड्या वर्गणीतून दुरुस्त केली. मागल्या उन्हाळ्यापासून तिथं अभ्यासिका आहे. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी, बँक, जी जाहिरात निघेल तिची तयारी करणारी पोट्टे-पोट्टी सकाळी सहापासून बसतात. पोस्टाचं खणाखणांचं एक लाकडी कपाट तिथंच राहिलं होतं, गावागावांची पत्रं लावायचं. पोरींनी नियम केला की आत जाताना मोबाइल त्या खणात ठेवायचा. काही खणांवर गावांची नावं खडूनं लिहिलेली अजून वाचता येतात, आणि ज्याचं जे गाव त्याला तोच खण पाहिजे म्हणून सकाळी सकाळी भांडणं होतात.

आता फलक. सरपंचताईंनी मजकूर माझ्यावर सोपवला, कारण मी शाळेत इतिहास शिकवत असे. गावातला एक पक्ष म्हणतो '१८६५ सालचे इंग्रजकालीन डाकघर' असं लिहा, कारण उतरवलेल्या एका इंग्रजी कवेलूवर १८६५ असा आकडा चक्क उठलेला आहे. दुसऱ्या पक्षाला १८५७ पाहिजे. पुरावा काही नाही, सन तेवढा लाडका. तिसऱ्यांचं म्हणणं, सनबिन सोडा, दात्यांची नावं मोठ्या अक्षरात टाका. मला १८६५ पटत नाही. माझ्याजवळ आहे ते एवढंच: तो कवेलू; मागच्या खोलीतली लोखंडी गर्डर, तिच्यावर टाटा अशी अक्षरं; आणि वारसांच्या पेटीत सापडलेला पोस्टाच्या भाडेकराराचा अर्धा कागद. त्याची तारीख कसरीनं खाल्लीय, पण स्टँपपेपरवरचं 'मध्यप्रदेश' शाबूत आहे. जाणकारांनी सांगावं यातून काय निघतं. डाकखान्याच्या आठवणीही चालतील.

तिकीटवेडा :
१८५७ ताबडतोब खोडा. तिसरे रघूजी भोसले वारले डिसेंबर १८५३ मध्ये, नागपूरचं राज्य खालसा झालं १८५४ मध्ये. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून साऱ्या देशाला टपालाचा एक दर लागला: पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. म्हणजे तुमच्या मुलखात कंपनी सरकार आणि अर्ध्या आण्याचं तिकीट एकाच वर्षी आले. त्यानंतर तीन वर्षांत खेड्याच्या बाजारचौकात पोस्टासाठी चुन्याची इमारत उठली, हे होणे नाही. मध्यप्रांत हा प्रांतच मुळी १८६१ चा.

१८६५ सुद्धा कठीण. तेव्हा सरकारी डाक जिल्ह्याच्या गावी आणि मोठ्या सडकेवर. आडगावी जायची ती जिल्हा डाक. तिचं मुख्य काम ठाण्यांचे नि कचेऱ्यांचे कागद वाहणं, आणि खर्च निघे जमीनमहसुलावरच्या उपकरातून. पुढं खेड्यात पोस्ट उघडलं तरी पुष्कळदा ते शाळेतच असे. मास्तरच थोड्या भत्त्यावर पोस्टमास्तर. साध्या माणसाला पोस्टाची पायरी चढायचं कारण मिळालं ते नंतर: १८७९ मध्ये एका पैशाचं कार्ड आलं, १८८० मध्ये मनीऑर्डर, १८८२ मध्ये बचत बँक.

आणखी एक हिशेब. स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३,३४४ पोस्टं होती, त्यांतली १९,१८४ ग्रामीण. आज दीड लाखाच्या वर आहेत. तेव्हा खेड्यातलं कुठलंही 'जुनं पोस्ट' स्वातंत्र्यानंतरचं निघायचीच शक्यता जास्त. 'इंग्रजकालीन' हे विशेषण सगळ्यात शेवटी लावा.

वऱ्हाडी_ठसका :
आमच्या अकोटाकडं जे जे गळत नाही ते ते इंग्रजाच्या काळातलं असते राजेहो. तुमचं गळलं म्हणता. मंग स्वदेशीच.

चुनाविटा :
कवेलूचं कोडं सोपं आहे. आकड्याच्या आजूबाजूला इंग्रजी अक्षरं असतील, ब्रश मारून धुवा आणि वाचा. बासेल मिशननं मंगळूरला असे कवेलू करायचा पहिला कारखाना काढला १८६५ मध्ये, आणि तेच साल पुढंही मालावर उठवत राहिले. दुसऱ्या एका मंगळुरी कारखान्याच्या कवेलूंवर १८६८ दिसतं. ते कारखान्याचं जन्मसाल. त्या एका आकड्यानं कोकणापासून विदर्भापर्यंत किती घरं उगाच म्हातारी केलीत, गणती नाही. शिवाय जड माल तुमच्यापर्यंत यायचा कसा? रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये.

अक्षरं खरंच बासेल मिशनची निघाली तर दुसऱ्या टोकाची मर्यादाही मिळते. पहिल्या महायुद्धात सरकारनं मिशनचे उद्योग ताब्यात घेतले आणि ते पुढं कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणजे त्या नावाचा माल साधारण १९२० च्या अलीकडचा नसावा. गर्डरचं उलट: साकचीच्या, म्हणजे आताच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद निघालं १९१२ मध्ये, तेव्हा टाटांची गर्डर त्याआधीची असूच शकत नाही.

पण कवेलू एका छपरावरून दुसऱ्यावर जातात आणि गर्डरही मागून घालता येते. म्हणून गर्डरचं टोक भिंतीत शिरतं तिथं बघा. भोवती चुना अखंड असेल तर ती भिंतीबरोबरच बसली. विटा फोडून सिमेंटनं बुजवलं असेल तर नंतरची दुरुस्ती.

धानबांधी :
चुनाविटा भाऊ, धुतलं. बासेल मिशनच आहे, १८६५ त्याच्याखाली. छपरावर उरलेल्या जुन्या कवेलूंवरही तोच शिक्का, म्हणजे भंगारातला एखाददुसरा आलेला नाही, एकाच लॉटचे दिसतात. गर्डरच्या दोन्ही टोकांना सिमेंट आहे. पारावर ही बातमी सांगितली तर १८६५ वाल्या पक्षानं माझ्याशी बोलणं सोडलं. १८५७ वाले खूश आहेत, का ते विचारू नका.

नमुना_आठ :
मी ग्रामसेवक होतो, आता निवृत्त. तुमचा सगळ्यात पक्का पुरावा तो अर्धा कागद आहे आणि तुम्ही त्याला शेवटी टाकलं.

आपला विदर्भ 'मध्यप्रदेश' नावाच्या राज्यात होता तो १९५० पासून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत. त्याआधी मध्यप्रांत व वऱ्हाड, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. नागपूर त्या सहा-सात वर्षांत मध्यप्रदेशची राजधानी होती, हे आता पोरांना सांगितलं तर खोटं वाटते. तेव्हा तो स्टँपपेपर त्याच मुदतीतला. तारीख कसरीनं खाऊ द्या, मुदत तिला खाता आली नाही.

आता त्या मुदतीत आपल्याकडं काय झालं? ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली, म्हणजे मालगुजार जमीनदारानं गावाचा सारा वसूल करून सरकारात भरायची पद्धत. वऱ्हाडात रयतवारी होती, शेतकरी सारा थेट सरकारला देई, तिथं हा प्रश्न नव्हता. पण नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा इकडं गावोगावी मालगुजार, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांची वसुलीची वेगळी कचेरी. उंच ओटा, ओसरी, आत एक लांब खोली, मागं दोन छोट्या, हे राहायच्या घराचं वर्णन आहे काय? चूल कुठं, न्हाणी कुठं? माझ्या मते ती कचेरी आहे. वसुली संपली, दिवाणजी घरी गेले, रिकामी इमारत उरली आणि दरसाल कवेलू फेरायचा खर्च अंगावर पडला. अशा वेळी सरकारी भाडेकरू मिळाला तर कोण सोडतो?

कागदाचा उरलेला भाग नीट वाचा. मिळकतीचं वर्णन आणि चतुःसीमा असतेच. तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख आणि त्याआधीची बंदोबस्ताची मिसल, म्हणजे सारा ठरवतानाचे जमिनीचे कागद, मागा.

दुसरं, फलकापेक्षा महत्त्वाचं. बक्षीसपत्र नोंदणीकृत आहे ना? ग्रामपंचायतीच्या नमुना २२ ला, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत, इमारत चढली का? आखीव पत्रिकेवर, म्हणजे भूमी अभिलेखच्या मिळकतीच्या उताऱ्यावर, अजून वारसांचीच नावं असतील तर उद्या एखादा नातू येऊन कुलूप लावेल, तेव्हा फलकावरचा इतिहास कामी येणार नाही.

धानबांधी :
नमुना_आठ काका, दंडवत. कागद भिंगाखाली धरला. चतुःसीमेच्या आधीच्या ओळीत मालगुजारीच्या जुन्या कचेरीचा उल्लेख सरळ आहे. मी भाड्याचा आकडा शोधण्यात गुंतलो होतो. अभिलेख कक्षात अर्ज टाकला. बक्षीसपत्र नोंदणीकृत आहे. नमुना २२ चं सचिवांना विचारलं तर ते 'होऊन जाते जी' म्हणाले, तेव्हा झालेलं नाही असं समजतो. मागं लागतो.

निळी_पहाट :
खडूच्या नावांच्या कपाटावरून गाव ओळखलं. मीही नाव घेत नाही. आमचं घर त्याच गावचं, वस्तीतलं, आता मी नागपूरला असतो.

ती कचेरीच होती. त्यासाठी कागदाची गरज आमच्या घरात कधी पडली नाही. आजा सांगे, कचेरीच्या ओट्यावर आमाले चढता येत नव्हतं. लगान घेऊन गेलं की खाली उन्हात उभं राहायचं. पैसे ओट्याच्या कडेला ठेवायचे आणि मागं सरकायचं, मग दिवाणजीचा माणूस ते उचले. पावती वरून खाली टाकत. वेठीचे दिवसही तिथूनच सांगितले जात.

मालगुजारी गेली, त्याच ओट्यावर पोस्ट आलं. आजाचा भाऊ नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होता, त्याची मनीऑर्डर यायची. पोस्टमननं खरं तर घरी आणून द्यायची. पण त्या वेळचा जो कोणी होता तो वस्तीत येत नसे. चौकातल्या दुकानात निरोप ठेवी की येऊन घेऊन जा. म्हणून आजाला खिडकीवर जावं लागलं. म्हणजे जो माणूस आमच्या वस्तीत पाय टाकायला तयार नव्हता, त्याच्यामुळं आजा पहिल्यांदा त्या ओट्यावर चढला. चढला, रांगेत उभा राहिला, अंगठा दिला, आणि पोस्टमास्तरनं पैसे मोजून हातात दिले. हातात. हा शब्द आजा दोनदा म्हणे. पुढं ऑक्टोबर १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर जायचं ठरलं, तेव्हा नागपूरला कोणाकडं उतरायचं त्याचं कार्डही याच फटीतून गेलं.

फलकावर नुसतं 'जुने डाकघर' लिहाल तर ओट्याची उंची कशासाठी होती हे कोणाला कळणार नाही. 'मालगुजारांची ऐतिहासिक वास्तू' लिहाल तर त्याहून वाईट. आधी कचेरी लिहा, तिथं काय होत असे ते लिहा, मग पोस्ट लिहा.

शांतताप्रिय :
चांगला चाललेला धागा. पोरं अभ्यास करतात तिथं जुन्या गोष्टी कशाला? आता सगळे एकाच बाकावर बसतात. फलक सकारात्मक असावा.

माहेरवाशीण :
शांतताप्रिय दादा, एकाच बाकावर बसतात हे सांगायला आधी वेगळे बसवत होते हे सांगावंच लागते ना. नाहीतर त्यात सांगण्यासारखं काय राहिलं?

माझं माहेर उमरेडकडचं. आमचे बाबाही एम्प्रेसलाच होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली मिल, व्हिक्टोरिया राणी ज्या दिवशी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्या दिवशी, म्हणून ते नाव. आमच्याकडं पगाराची तारीख गावाला पाठ. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली कुपन असे, त्यावर दोन ओळी लिहायला जागा. बाबा वेगळं पत्र घालतच नसत, त्या दोन ओळींत सगळं बसवत: पैसे पोचल्याचे कळवणे, म्हशीकडे लक्ष देणे, पोरीला शाळेतून काढू नये. आई ती कुपनं तारेला टोचून ठेवी. वाचता येत नव्हतं तिला, पण कुठलं कुपन कुठल्या महिन्याचं ते सांगायची. तिसऱ्या आज्ञेमुळं मी मॅट्रिक झाले.

कोणाच्या घरी अशी कुपनं असतील तर त्या अभ्यासिकेत काचेखाली लावा. मालगुजाराच्या फोटोपेक्षा ती बरी.

पोष्टातला_माणूस :
मी उपडाकघरांत नोकरी करून निवृत्त झालो. तुमच्या गावात नव्हतो, पण अशाच भाड्याच्या इमारतींत आयुष्य गेलं. दिवस कसा असे ते सांगतो, म्हणजे तुमच्या खोल्यांचा उलगडा होईल.

सकाळी डाक येई. जिथं रेल्वे तिथं स्टेशनवरून, बाकी ठिकाणी एसटीनं. तुमच्याकडं एसटीच्या आधी सीपीटीएसच्या (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस) मोटारी धावत. थैलीचं तोंड सुतळीनं बांधलेलं, वर लाखेचं सील. सील शाबूत आहे का हे पाहिल्याशिवाय थैली फोडायची नाही. मग प्रत्येक पत्रावर आल्याच्या तारखेचा शिक्का. ठक्, ठक्, ठक्. मग खणांच्या कपाटात गावं लावायची. तुमच्या कपाटावर ज्या गावांची नावं आहेत ती त्या पोस्टाखालची शाखा डाकघरं आणि पोस्टमनची बीटं. ती यादी उतरवून ठेवा, तुमच्या पंचक्रोशीचा नकाशाच तो. शाखांच्या थैल्या घेऊन रनर पायी किंवा सायकलनं निघत, दुपारी परत येत. मागच्या दोन खोल्यांपैकी एकीत तिजोरी आणि फॉर्म असणार, दुसरीत पोस्टमास्तरचा मुक्काम. तिथं मोरी नसेल तर बिचाऱ्याला विहिरीवर जावं लागलं असेल.

कपाट मागं कसं राहिलं? ऑफिस हलताना सामानाची यादी होते. शिक्के, काटा, तिजोरी सगळं जातं. मोडकं लाकडी सामान बाद करून लिलावात काढतात, कोणी घेतलं नाही की तिथंच पडतं. काही ठिकाणी ते घरमालकानंच करून दिलेलं असतं.

एक कळकळीची विनंती. भिंतीतली ती फट आतून बंद करा किंवा वर 'ही पत्रपेटी नाही' असं ठळक लिहा. शोभेला ठेवलेल्या फटीत माणसं खरंच पत्र टाकतात. राखीची पाकिटं, अर्ज, वकिलाची उत्तरं. मी एका गावात ते पाहिलं आहे, आणि त्यातल्या एका अर्जाची मुदत गेलेली होती.

धानबांधी :
साहेब, तुमचं वाचून संध्याकाळीच पेटी उघडायला लावली. आत खर्रा खाऊन टाकलेल्या पन्न्या, एक लग्नपत्रिका आणि शिष्यवृत्तीचा एक भरलेला फॉर्म. फॉर्म ज्या पोरीचा तिला दिला. मुदत आहे अजून. फट उद्या बंद होते.

वर्धेकर :
थोडं विषयांतर, पण पोस्टाचं इमारतीवर नाही तर अख्ख्या गावावर कसं चालतं त्याचं उदाहरण आमच्या जिल्ह्यात आहे. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावला राहायला गेले. पत्रांचा पाऊस, आणि त्यातली बरीच जायची बुलढाण्याच्या शेगावला, कारण ते रेल्वेवरचं, माहितीतलं गाव. हा घोळ इतका झाला की १९४० मध्ये गावाचं नावच सेवाग्राम केलं. पिनकोड तेव्हा नव्हता. तो आला १५ ऑगस्ट १९७२ ला, आणि त्यात विदर्भाचे सगळे आकडे ४४ नं सुरू होतात. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, संस्कृतचे पंडित. आधी असता तर सेगाव सेगावच राहिलं असतं.

तिकीटवेडा :
वर्धेकर, छान. धानबांधी, गावात जुनी कार्डं-पाकिटं गोळा करायला सांगा. मालगुजारी काळात पोस्ट गावात होतं की नाही, असेल तर शाळेत होतं का, हे त्यावरच्या शिक्क्यांवरून ठरेल. तिकिटावर राजाचं डोकं आहे की अशोकस्तंभ, किंमत आण्यात की १ एप्रिल १९५७ नंतरच्या नव्या पैशात, एवढं पाहिलं तरी चाळणी लागते. आणि पाकिटावरून तिकीट कापून काढू नका, शिक्क्यासकट अख्खं ठेवा.

चुनाविटा :
दुरुस्तीबद्दल कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खालून तीन फूट सिमेंटचा गिलावा दिसतोय आणि मागच्या खोल्यांवर टिनं. टिनं का ते समजतं. वानरं आहेत तोवर कवेलूंचं नाव काढायची गावाची हिंमत होत नाही, मी कोणाला दोष देत नाही. पण मे महिन्यात त्या खोल्यांत बसून कोणी गणितं सोडवून दाखवावीत. टिनाखाली वीतभर पोकळी सोडून बांबूचा तट्टा मारा, वरून दर उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना. कूलरच्या बिलात फरक दिसेल. पुढच्या लांब खोलीचं छप्पर उंच आहे आणि वर रोशनदानं आहेत, ती कोणीतरी पुठ्ठ्यानं बंद केलीत. आधी ती उघडा.

सिमेंटचं मात्र ऐका. चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागावरून सोडते. सिमेंटनं ती वाट बंद झाली की ओल आणखी वर चढते आणि आतली वीट सोलत जाते. दोन पावसाळ्यांत गिलाव्याच्या वरच्या कडेला पांढरी खार फुटेल. फुटली की सिमेंट काढून चुन्यानंच लिंपा. गवंडी म्हणेल चुना आता कोण मळतो. म्हातारे गवंडी शोधा, आहेत अजून.

धानबांधी :
अभिलेख कक्षातून नक्कल आली, कचेरीची नोंद आहे. कार्डं गोळा होऊन राहिली; आतापर्यंतच्या कोणत्याच कार्डावर राजाचं डोकं नाही. मसुदा टाकतो, बघा :

'ही इमारत मूळची मालगुजारीची कचेरी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपासची. येथे लगानाची वसुली होत असे. तेव्हा या ओट्यावर सर्वांना चढता येत नव्हते. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. त्यानंतर, विदर्भ मध्यप्रदेशात असताना, म्हणजे नोव्हेंबर १९५६ पूर्वी, येथे पोस्ट आले. पोस्टाच्या खिडकीवर सर्वांची रांग एकच होती. पोस्ट बसस्टँडजवळ गेल्यावर इमारत बरीच वर्षे बंद होती. वारसांनी ती ग्रामपंचायतीस बक्षीस दिली. आता येथे गावाची अभ्यासिका आहे.'

निळी_पहाट :
'सर्वांना चढता येत नव्हते' म्हणजे कोणाला? मालगुजार तर चढत होता. कोणाला ते लिहा.

शांतताप्रिय :
मला अजून ती ओळ नको वाटते. पण लिहायचीच तर गोलमोल नको, हे निळी_पहाट यांचं बरोबर आहे.

धानबांधी :
बदललं: 'तेव्हा अस्पृश्य मानलेल्या कुळांना या ओट्यावर चढू देत नसत.' ग्रामसभेत वाचायच्या आधी वारसांच्या घरी जाऊन थोरल्या काकूंना वाचून दाखवलं, कारण इमारत त्यांनी दिलीय, त्यांना चौकात पहिल्यांदा ऐकायला लागू नये. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खरं हाय ते लिवा. पण आमच्या सासऱ्यानं डाकखान्याचं भाडं कदी वाढवून मागतलं नाई, तेबी लिवा."

वऱ्हाडी_ठसका :
भाडं होतं किती पण?

धानबांधी :
तो आकडा नेमका कसरीनं खाल्लाय. भाड्याची ओळ घालत नाही असं काकूंना सांगून आलो. चहा तरी मिळाला. नमुना २२ ची नोंद परवा झाली, सचिवांनी सहीशिक्क्याचा उतारा दिला. आखीव पत्रिकेचा अर्ज भूमी अभिलेखला टाकलाय, त्याचं काय होते ते इथंच कळवतो. कोणाच्या ओळखीत चुना मळणारा गवंडी असेल तर व्यनि करा, पवनी-भिवापूर पट्ट्यातला असला तर बरं.